कृत्रिम पाय सकाळी नीट बसतो, दुपारनंतर सैल होतो : काय करायचं?

गुडघ्याखालचा कृत्रिम पाय वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. सकाळी पाय घालताना छान बसतो. अकरा-बारापर्यंत काही त्रास नाही. मग हळूहळू पाय खाली उतरल्यासारखा वाटायला लागतो. चालताना आत खुटखुट होते, स्टंपचं (कापल्यानंतर उरलेल्या पायाचं) टोक सॉकेटच्या (स्टंप ज्यात बसतो त्या कृत्रिम पायाच्या वरच्या पोकळ भागाच्या) तळाला लागतं, गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं. संध्याकाळी पाय काढला की कातडीवर लाल डाग. रात्री झोप झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळं ठीक.

तक्रार घेऊन माणूस सेंटरला, म्हणजे कृत्रिम अवयव केंद्रात, येतो तेव्हा बहुतेक वेळा सकाळचे दहा वाजलेले असतात. पाय त्या वेळी नीटच बसलेला असतो. तपासणारा दोन फेऱ्या चालवून बघतो, 'फिटिंग बरोबर आहे' म्हणतो आणि माणूस तसाच परत जातो. पुढच्या महिन्यात तीच तक्रार, किंवा त्याहून वाईट म्हणजे तक्रार करणंच बंद आणि पाय खोलीच्या कोपऱ्यात. मी पाय बनवण्याच्या आणि बसवण्याच्या कामात आहे. चांगले पाय नुसते स्टंपवर घालायचे मोजे कसे वापरायचे ते कुणी शिकवलं नाही म्हणून पडून राहिलेले बघितले की फार वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. गुडघ्यावरच्या पायाचं गणित वेगळं असतं, ते इथे घेतलेलं नाही.

सैल का होतो

पाय आहे तेवढाच राहतो, स्टंप बारीक होतो. उभं राहिलं, चाललं की सॉकेट स्टंपला चारी बाजूंनी दाबतं आणि मांसात साठलेलं पाणी दर पावलाला थोडं थोडं वर ढकललं जातं. दुपारपर्यंत स्टंपचा घेर कमी होतो. सॉकेट प्लास्टिकचं, ते काही आकसत नाही. मग मधे जागा पडते आणि स्टंप खोल जाऊन बसतो. रात्री पाय काढून झोपलं की पाणी परत भरतं, म्हणून सकाळी सगळं जागेवर.

याच्या जोडीला दुसरं एक बारीक होणं असतं, ते कायमचं. ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष-दीड वर्ष स्टंप उतरतच असतो. सूज जाते, पोटरीचा उरलेला स्नायू वापरात नसल्यामुळे झिजतो. पहिला पाय सहा-आठ महिन्यांत सैल झाला म्हणजे तो वाईट बनवला होता असं नाही. तो ज्या मापावर बनवला ते मापच आता राहिलेलं नसतं.

रोजच्या सैलपणावर उपाय मोजे. कायमच्या सैलपणावर काही काळ मोजे, आणि एका मर्यादेनंतर नवं सॉकेट. नव्या सॉकेटची वेळ आली की नाही हेही मोजेच सांगतात.

आधी डाग बघा

पाय काढून स्टंप उजेडात बघा. आपल्याकडचे बहुतेक गुडघ्याखालचे पाय पीटीबी (पटेलर टेंडन बेअरिंग) पद्धतीच्या सॉकेटचे असतात. १९५०च्या दशकाच्या शेवटी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ही पद्धत बसवली गेली, आणि आजही तीच पायाभूत मानली जाते. यात वजनाचा मोठा भाग गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड कंडरेवर घेतला जातो. त्यासाठी सॉकेटच्या आत समोरच्या बाजूला एक आडवा उंचवटा ठेवलेला असतो. हात आत घालून चाचपलात तर लगेच सापडेल.

आता स्वतःच्या गुडघ्यावर बोट फिरवा. वाटी संपते, मग दोन बोटं रुंदीचा मऊसर पट्टा लागतो, मग नडगीच्या हाडाचा टणक गोळा. सॉकेटच्या उंचवट्याचा डाग त्या मऊ पट्ट्याच्या मधोमध हवा. डाग वर सरकून वाटीच्या खालच्या काठावर आला असेल तर स्टंप जास्त खोल जातोय, म्हणजे मोजे कमी पडतात. डाग खाली, त्या टणक गोळ्यावर आला असेल तर स्टंप पुरता आत जातच नाही, म्हणजे मोजे जास्त झालेत. ही एक खूण ओळखता आली तरी निम्मं काम झालं, कारण दुखणं दोन्हीकडे सारखंच असतं आणि उपाय मात्र अगदी उलटे. कमी मोजे असताना आणखी एक काढणारे आणि जास्त असताना आणखी एक घालणारे, दोन्ही प्रकारचे लोक मला भेटतात.

बाकी खुणा अशा. सैल असेल तर पाय आखूड वाटतो, टोकाला ठेच लागल्यासारखं होतं, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं छोटं हाड दुखतं, पाऊल उचलताना पाय मागे राहतो. जास्त आवळ असेल तर पाय लांब वाटतो, कंबर वर उचलून चालावं लागतं, टोकाशी पोकळी राहते.

शंका असेल तर पेनाने खूण करून बघा. उभं राहून दोन्ही पायांवर वजन द्या आणि सॉकेटच्या काठाला धरून मोज्यावर रेघ मारा. मग टेकू धरून तो पाय जमिनीवरून उचला. रेघ काठाच्या वर किती आली ते बघा. अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास चालतं. बोटाच्या रुंदीइतकी आली तर पाय सैल आहे. हे सकाळी पाय घातल्यावर एकदा करा आणि त्रास सुरू होतो त्या वेळेला पुन्हा करा. हा फरक सेंटरला सांगता आला तर समोरच्याला फार मदत होते.

मोजे कसे बदलायचे

स्टंपचे मोजे १, ३, ५ अशा प्लायमध्ये येतात. प्लाय म्हणजे सोप्या भाषेत जाडी. आपल्याकडच्या सुती मोज्यांवर ती अनेकदा छापलेली नसते आणि धुतल्यावर सगळे एकसारखे दिसतात. घरी आणल्याबरोबर काठाला रंगीत दोरा घालून ठेवा : पातळ पांढरा, मधला निळा, जाड लाल, असं काहीही.

सकाळी नेहमीच्या मोज्यांवर पाय घाला. पहिला तास-दीड तास झाला की एकदा बसून अंदाज घ्या, कारण उतार सगळ्यात जास्त सुरुवातीलाच पडतो. दुखायची वाट बघू नका. सैल वाटलं तर पाय काढा आणि एकच पातळ मोजा वाढवा. पुन्हा घाला, उभे राहा, दहा-वीस पावलं चाला, मग ठरवा. अजून सैल असेल तर पातळच्या जागी मधला. एकदम जाड मोजा चढवला की स्टंप वरच अडकतो आणि माणूस म्हणतो, 'मोजे घालूनही दुखतंच.'

तीन पातळ मोजे एकावर एक घालण्यापेक्षा एक मधला बरा. थर वाढले की सुरकुत्या वाढतात, आणि सॉकेटमधली एक सुरकुती दिवसभरात फोड आणू शकते. मोजा टोकापासून ताणून वर घ्या, टोकाशी फुगा राहू देऊ नका, शिवण असेल तर ती हाडावर येऊ देऊ नका.

पायाला स्पंजसारख्या पेलाइटचा लायनर (सॉकेटच्या आतलं मऊ अस्तर) असेल तर मोजा कातडीवर, त्यावर लायनर, मग सॉकेट. सिलिकॉनचा किंवा जेलचा लायनर असेल तर उलटं : लायनर थेट कातडीवर आणि मोजे त्याच्या बाहेरून. जेल लायनरच्या आत मोजा घातला तर लायनरची पकडच जाते. लायनरच्या टोकाला सॉकेटच्या तळाच्या लॉकमध्ये अडकणारी पिन असेल तर मोज्याला तिथे भोक हवं आणि पिन भोकातून पूर्ण बाहेर आली पाहिजे. मोज्याचा कापड लॉकमध्ये अडकला तर पाय लागल्यासारखा वाटतो आणि जिन्यात सुटतो. पिनवाल्यांना एक सोय असते : घालताना कट-कट आवाज मोजा. सकाळी जितके 'कट' येतात त्यापेक्षा दुपारी दोन-तीन जास्त आले तर स्टंप तेवढा उतरलाय, मोजा वाढवा.

बाहेर जाताना पिशवीत दोन पातळ, एक मधला मोजा, एक छोटा टॉवेल आणि प्लास्टिकची पिशवी एवढं ठेवाच. अडचण बहुतेक वेळा मोज्यांची नसते, ते बदलायला जागा नसण्याची असते. ऑफिसात, बाजारात, बसस्टँडवर सगळ्यांसमोर पाय काढायचा म्हणजे संकोच वाटतो, विशेषतः साडी नेसणाऱ्या बायकांना. त्या दिवस दिवस तसाच रेटतात. कामाच्या ठिकाणी कुणालातरी विश्वासात घेऊन पाच मिनिटं दार लावता येईल अशी जागा ठरवून घ्या. घरच्यांनी, सहकाऱ्यांनी हे न मागता द्यावं, असं मला फार वाटतं.

सॉकेटच्या तळाशी चिंध्या घालू नका

भाजीचा गाडा लावणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. दिवसभर उभं राहण्याचं काम. पाय काढला तर सॉकेटच्या तळाशी जुन्या सुती साडीचा घट्ट गोळा. 'टोक टेकतं म्हणून मऊ घातलंय,' म्हणाल्या. स्टंपच्या टोकाला, हाडाच्या अगदी खाली, पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागा काळसर, कडक झाली होती आणि तिच्या कडेला ओली चीर. त्यांना साखरेचा त्रास, टोकाची जाणीव कमी, त्यामुळे चीर कधी पडली ते कळलंच नव्हतं. मी साडीचा गोळा काढला, मधल्या जाडीचा मोजा घातला. स्टंप वर उचलला गेला आणि टोकावरचा दाब सुटला. पण जखम भरेपर्यंत पाय घालायचा नाही म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण गाडा बंद म्हणजे घर बंद. एका मोज्याचं काम होतं.

टोक टेकतं ते तळ कडक असतो म्हणून नाही, तर बाजूंनी सैल झाल्यामुळे सगळं वजन टोकावर येतं म्हणून. गोळा घातला की तेच वजन त्याच जागी आणखी जोरात येतं. जागा बाजूंनी भरायची असते, ते मोजा करतो.

याच्या उलटही होतं. मोजे इतके वाढतात की टोकाशी पोकळी राहते. मग त्या पोकळीत टोकाकडे रक्त आणि पाणी ओढलं जातं. कातडी आधी लालसर-जांभळी, मग तपकिरी, मग खडबडीत चामखिळीसारखी होते. हे दिसलं तर घरी प्रयोग न करता सेंटर गाठा. टोक टेकतं की नाही हे बघायची जुनी युक्ती म्हणजे कणकेची किंवा मुलांच्या मातीची छोटी गोळी पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून सॉकेटच्या तळाशी ठेवायची, पाय घालून उभं राहायचं आणि काढून बघायचं. गोळी तशीच गोल राहिली तर स्पर्शच नाही. पापडासारखी चपटी झाली तर टोक जोरात टेकतंय. हलकी दबलेली हवी. गोळी आठवणीने बाहेर काढा.

सकाळी जातच नाही, दुपारी सैल

काहींचं दोन्ही टोकांना असतं. सकाळी पाय घालायला अर्धा तास कसरत आणि दुपारी गळून पडेल इतका सैल. इथे दुपारपेक्षा रात्रीकडे लक्ष द्यायला हवं. पाय काढला की स्टंप मोकळा लटकत ठेवला जातो, त्यात सूज भरते. पाय काढल्याबरोबर श्रिंकर मोजा (स्टंप दाबून धरणारा घट्ट लवचिक मोजा) किंवा क्रेप बँडेज घाला. बँडेज आठच्या आकड्यासारखं तिरकं बांधायचं, टोकाला जास्त ताण आणि वर गुडघ्याकडे कमी. गोल गोल वेढे मारले की वरचा वेढा दोरीसारखा आवळतो आणि खालचा भाग उलट सुजतो. बँडेज सैल पडतंच, दिवसात तीन-चार वेळा सोडून नव्याने बांधा. आणि गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेला आखडतो आणि मग कुठलंच सॉकेट नीट बसत नाही.

डायलिसिसवर असणाऱ्यांनी मोज्यांचा वेगळा हिशेब ठेवावा. डायलिसिसच्या आधी स्टंप भरलेला, नंतर एकदम उतरलेला. माप द्यायला जाल तेव्हा शेवटचं डायलिसिस कधी झालं ते नक्की सांगा. कधी सूज, कधी उतार असं नव्यानेच सुरू झालं असेल आणि दुसऱ्या पायावरही सूज दिसत असेल, तर तो कृत्रिम पायाचा प्रश्न नाही, आधी डॉक्टरांना दाखवा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर तक्रारी वाढतात. त्यातल्या बऱ्याच सैलपणाच्या नसतातच, घामाच्या असतात. मोजा ओला झाला की स्टंप आत घसरतो आणि सैल झाल्यासारखा वाटतो. जयपूर फूट १९६८ साली पंडित रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूरला तयार केलं ते आपल्या जगण्यासाठी : अनवाणी चालायला, उकिडवं बसायला, चिखलात उतरायला. भातलावणीत तो पाय टिकतो. आतला मोजा मात्र भिजतोच. मोजा बदला, स्टंप पुसून पाच मिनिटं उघडा ठेवा, मग परत घाला. मोजे रोज धुवायचे, साबण पूर्ण काढायचा, पूर्ण वाळल्याशिवाय घालायचे नाहीत. पावसात ते एका दिवसात वाळत नाहीत, म्हणून जास्तीचे लागतात. स्टंपवर पावडरचा थर देऊ नका, घामात तिचा लगदा होतो आणि घासतो.

मोज्याने सुटत नाही तेव्हा

पट्टा बघा. मांडीवरचा पट्टा ताणला गेला, भोकं मोठी झाली की पाय लोंबतो. लायनर बोटांनी दाबून बघा. पेलाइट वर्षभरात चपटं होतं, विशेषतः समोर वाटीखाली. पावलाचा बोल्ट हलला तर खुटखुट खाली घोट्याशी असते, आत नाही. चप्पल-बूट बदलल्यावर त्रास सुरू झाला असेल तर टाचेची उंची बघा. टाच उंच झाली की गुडघा पुढे ढकलल्यासारखा होतो, आणि ते सैलपणाने होत नाही. वजन पाच-सहा किलो वाढलं किंवा उतरलं तरी सॉकेटचं माप चुकतं.

एकूण मोजे सकाळपासूनच दहा-पंधरा प्लायवर गेले असतील तर आता नवं सॉकेट हवं. इतक्या जाड थरात हाडाच्या जागा सॉकेटमधल्या खोलग्यांशी जुळतच नाहीत. सॉकेट गॅसवर तापवून वाकवणं, आतून घासणं हे घरी किंवा वेल्डिंगवाल्याकडे अजिबात करू नका.

पाय काढल्यावरचा लालसरपणा दहा-पंधरा मिनिटांत गेला पाहिजे. तो राहिला, फोड आला, कातडी फाटली तर पाय घालणं थांबवा. साखर असणाऱ्यांनी रोज रात्री आरशात स्टंपचं टोक आणि मागची बाजू बघायची, दुखत नसलं तरी. पू, वास, ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

सेंटरला जाताना

सकाळची पहिली वेळ घेऊ नका. शक्य असेल तर दुपारची मागा, किंवा सकाळी जाऊन दोन तास आवारात चाला आणि मग दाखवा. त्या दिवशी जितके मोजे घालता तेवढेच घालून जा, छान दिसावं म्हणून कमी-जास्त करू नका. डागांचे फोनवर फोटो काढून ठेवा, त्यांची वेळ फोनमध्ये आपोआप नोंदली जाते. आणि 'पाय दुखतो' एवढंच न सांगता असं सांगा : सकाळी एवढे मोजे, इतक्या वाजता एवढे, डाग इथे, रेघ इतकी वर येते.

मागणी 'नवीन पाय द्या' अशी नको, 'सॉकेट बदलून द्या' अशी करा. पाऊल आणि नळी चांगली असेल तर अनेकदा तेवढंच पुरतं. याला सरकारी योजनेतलंही कारण आहे. केंद्राच्या एडिप योजनेत (दिव्यांगांना साधनांसाठी मदत देणाऱ्या) त्याच साधनासाठी मागच्या ३ वर्षांत मदत घेतलेली नसावी लागते, १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ही मुदत १ वर्षाची आहे. पहिला पाय तर वर्षभरातच सैल होतो. म्हणून शिबिरात पाय मिळाला की तिथेच विचारून ठेवा : सैल झाल्यावर सॉकेटचं काम कुठे होईल, मोजे पुन्हा कुठून मिळतील. कागदावर लिहून घ्या. शिबिर उठून जातं, पण पाय रोज वापरायचा असतो.

मुंबईत हाजी अलीला १९५५ पासूनची केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे, तिथे कृत्रिम अवयवांची स्वतःची कार्यशाळा आहे. पुण्यात १९४४ साली सैनिकांसाठी सुरू झालेलं कृत्रिम अवयव केंद्र आहे, तिथे नागरिकांचंही काम होतं. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून पाय मोफत देते. जिल्ह्याच्या ठिकाणी असाल तर जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्र किंवा सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आधी चौकशी करा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि जुन्या पायाची कागदपत्रं सोबत ठेवा. जुना पायही घेऊन जा, घरी ठेवून जाऊ नका.